आमच्या गाडीत चूल आहे

वर्णनलेखन शिकवताना माझ्याकडून झालेली एक चूक आणि त्या चुकीतून उभं राहिलेलं आमच्या चौथीचं हस्तलिखित, या दोन्हींबद्दल आज लिहिते आहे.

मागच्या वर्षी पहिल्या सत्रात मी मुलांना ‘आमची गाडी’ हा दहा ओळींचा निबंध दिला होता. पट 23. वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच गाडी. ‘आमच्या गाडीचा रंग पांढरा आहे. तिला चार चाके आहेत. आम्ही गाडीतून फिरायला जातो. मला आमची गाडी खूप आवडते.’ ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यांचीही गाडी पांढरी आणि चारचाकी! नमुना म्हणून फळ्यावर मीच पाच वाक्यं लिहून दिली होती. मुलांनी ती इमानेइतबारे उतरवली, त्यांना काय बोलणार?

त्या गठ्ठ्यात एका मुलाच्या वहीत चारच ओळी होत्या.

‘आमच्या गाडीत चूल आहे. पप्पा गाडीत झोपतात. गाडीला आतून पडदा आहे. गाडी आमची नाही.’

मी ‘चूल’ शब्दाखाली लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘गाडीत चूल नसते. विचार करून लिही.’ शेवटच्या ओळीवर प्रश्नचिन्ह काढलं. विषय ‘आमची गाडी’ आणि हा म्हणतो गाडी आमची नाही! दहापैकी तीन गुण दिले आणि पुढची वही उघडली.

हा मुलगा आदल्या वर्षीच आमच्या शाळेत आला होता. घरी हिंदी, शाळेत मराठी. बोलायचा कमी, पण लिहायचा. त्या दिवसानंतर त्याचं लिहिणं थांबलं. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, तेवढंच. स्वतःचं म्हणून एक ओळ नाही. मला वाटलं, भाषेची अडचण असेल.

पंधरा दिवसांनी त्याची आई आधार कार्डाच्या कामासाठी शाळेत आली. मी सहज विचारलं, “याचे वडील काय करतात?” ती म्हणाली, “ट्रेलर चलाते हैं, मॅडम. महिन्यात चार-पाच दिवस घर. बाकी सब गाडी में. खाना, सोना, चूल्हा, सब वहीं.”

चूल्हा. हिंदीत लाकडाचा असो, गॅसचा असो, रॉकेलचा असो, तो चूल्हाच. आपल्याकडे चूल वेगळी, शेगडी वेगळी, स्टोव्ह वेगळा. पोरानं घरातला शब्द मराठीत आणताना शेवटचा ‘हा’ काढला आणि चूल केली. एका शब्दाची गडबड होती, वाक्य खरं होतं. बाकीच्या 22 वह्यांतली बरीच वाक्यं व्याकरणानं अचूक होती आणि खोटी होती. त्यांना मी आठ-आठ गुण दिले होते.

आपल्या दारातलं आपण पाहत नाही

आमची शाळा न्हावा शेवा परिसरातली. बाहेरच्यांना हे एका बंदराचं नाव वाटतं, पण न्हावा आणि शेवा ही दोन वेगळी गावं. बंदरासाठी शेव्याची जुनी वस्ती उठली. काही लोक नवीन शेव्याला गेले, काही हनुमान कोळीवाड्यात. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं. मुलांच्या आजोबांच्या तोंडी अजून भातशेती, मिठागरं आणि मासेमारी असते. मुलांच्या तोंडी मात्र कंटेनर. वीस फुटी कोणता आणि चाळीस फुटी कोणता हे आमचं पहिलीतलं पोरही लांबून सांगतं.

करळ फाट्याकडून येताना रस्त्याच्या कडेला ट्रेलरची रांग नाही असा दिवस मला आठवत नाही. रोज मी त्या रांगेच्या बाजूनं येते, उशीर झाला की मनातल्या मनात चिडते. पण त्या काचेच्या मागे काय आहे, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचं अर्धं घर मी रोज ओलांडत होते आणि त्याच्या वहीत लिहीत होते, ‘विचार करून लिही’.

दुसऱ्या दिवशी त्याची वही मागून घेतली. लाल शेऱ्याखाली लिहिलं, ‘तुझं वाक्य बरोबर आहे. चूक माझी झाली.’ त्यानं वाचलं, वही मिटली आणि विचारलं, “मॅडम, मग मार्क?” मी गुण बदलले. त्यालाही व्यवहार कळतो!

घोडा आला

त्याचे वडील घरी आले तेव्हा मी भेटायला बोलावलं आणि विचारलं, “मुलांना तुमची केबिन दाखवता येईल का?” ते आधी हसले. “मॅडमजी, उसमें देखने जैसा क्या है?” मग मालकाला फोन करून विचारलं. ट्रेलर बाहेर मोकळ्या जागेत लावून फक्त ‘घोडा’ शाळेच्या मैदानावर आणायचं ठरलं. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला, म्हणजे इंजिन आणि केबिन असलेल्या गाडीला, या धंद्यात घोडाच म्हणतात. मी वर्गात सांगितलं, “शनिवारी आपल्या शाळेत घोडा येणार आहे.” झालं! पहिलीची पोरंसुद्धा शुक्रवारपासून विचारायला लागली, “मॅडम, घोरा कवा येनार?”

शनिवारी दहा चाकांचा घोडा मैदानात शिरला तेव्हा दोन-तीन लहानग्यांचा चेहरा पडला, बाकीच्यांनी एकच ओरडा केला.

नियम कडक ठेवले. इंजिन बंद, किल्ली माझ्याकडे, चाकांना दगड लावलेले, एका वेळी तीनच मुलं वर, पायरीपाशी एक पालक. प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन्सिल. सूचना एकच होती : ‘सुंदर’, ‘छान’, ‘मस्त’ हे तीन शब्द आज लिहायचे नाहीत.

मीही वर चढले. तीन पायऱ्या, मग दांडा धरून अंग वर ओढायचं. साडीत हे सोपं नाही, लिहून ठेवते. आत गेल्यावर पहिली जाणवली ती उष्णता. सकाळचे साडेनऊ वाजलेले, तरी पायाखालचा पत्रा गरम. आपल्या कारमध्ये इंजिन पुढे असतं, इथे ते केबिनच्या खालीच. ड्रायव्हरच्या सीटवर लाकडी मण्यांचं आसन. मला ती आजवर शोभा वाटायची. ते म्हणाले, रेक्झिनवर आठ तास बसलं की पाठ भिजते, मण्यांमधून वारा जातो. डॅशबोर्डवर छोटा पंखा, तोंड ड्रायव्हरकडे. समोरच्या काचेला आतून तारेवर सरकणारा पडदा, कारण बरेचदा रात्री गाडी चालवायची आणि दिवसा रांगेत झोपायचं. डोक्यावरच्या झडपेत कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. बंदराच्या फाटकावर हात वर केला की कागद हाताशी. सीटच्या मागे आडवी झोपायची फळी, तिच्यावर फोमची गादी. फळीखाली डाळ-तांदळाचे डबे, पाण्याचा कॅन आणि कापडात गुंडाळलेला स्टोव्ह. हीच ती चूल! स्वयंपाक मात्र ते केबिनच्या आत करत नाहीत. गाडी उभी करून, खाली उतरून, चाकाच्या सावलीत स्टोव्ह पेटवतात. आत पेटवला तर आग लागायची आणि कोंडून जीव जायचा धोका. हे त्यांनी मुलांना दोनदा सांगितलं.

एका मुलीनं टेपनं फळी मोजली. लांबी 1 मीटर 85 सेंटिमीटर, रुंदी 62 सेंटिमीटर. सोमवारी वर्गाच्या फरशीवर खडूनं आम्ही तेवढाच आयत काढला आणि एकेकाला त्यात झोपवलं. कूस बदलली की हात रेघेबाहेर जायचा. “मॅडम, हा पडला!” म्हणत सगळे हसत होते. तो मुलगा आयतात झोपला तेव्हा त्यानं हात छातीवर घट्ट बांधले. म्हणाला, “पप्पा असे झोपतात. मग नाही पडत.” हसणं आपोआप थांबलं.

शोभा की सोय?

त्या आठवड्यात ‘गाडीच्या आत’ या नावानं हस्तलिखित काढायचं ठरलं. प्रत्येकानं एका खऱ्या, स्वतः पाहिलेल्या गाडीच्या आतल्या भागाचं वर्णन करायचं. रिक्षा चालेल, एसटी चालेल, मामाची कार, वडिलांचा टेम्पो, काहीही.

पहिल्याच दिवशी एकानं मोठ्या भावाकडून छापून घेतलेली महागड्या परदेशी गाड्यांची रंगीत चित्रं आणली. खाली नावं इंग्रजी, मजकूर कुठूनतरी उतरवलेला. वर्ग थक्क झाला. मी रागावले नाही. फक्त विचारलं, “या सीटवर बसल्यावर पायाला गरम लागतं का गार? दार लावताना आवाज कसा येतो?” तो गप्प. मग स्वतःच म्हणाला, “मी काकांच्या रिक्षाचं लिहितो.” त्याच्या लेखात पुढे एक झकास वाक्य आलं, ‘रिक्षाच्या मागच्या सीटवर तिघं बसतात, पण खड्डा आला की चौघांची जागा होते.’

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सीट कव्हर शिवतात. तिनं रेक्झिनचे आणि फोमचे तुकडे आणले आणि तिच्याकडून आम्हाला शब्द मिळाले : पायपिंग, डबल शिलाई, रूफ लायनिंग, फर्मा. फर्मा म्हणजे सीटच्या मापाचा कागदी साचा. आधी तो कापायचा, मग कापड. तिच्या वडिलांनी वर्गात येऊन एक गोष्ट समजावली जी मला स्वतःला ठाऊक नव्हती. काही गाड्यांमध्ये सीटच्या पाठीच्या कडेलाच एअरबॅग बसवलेली असते. त्यावरून साधं कव्हर घट्ट शिवून बसवलं तर अपघातात ती नीट उघडत नाही. म्हणून तिथली बाजू मोकळी ठेवावी लागते किंवा सहज फाटेल अशी शिलाई घालावी लागते. “आमच्या कामात कुठं पक्कं शिवायचं यापेक्षा कुठं शिवायचं नाही हे कळायला वेळ लागतो,” असं ते म्हणाले.

मग फळ्यावर दोन रकाने आखले. ‘शोभेसाठी’ आणि ‘सोयीसाठी’. घोड्याच्या केबिनमधली एकेक वस्तू मुलांनी रकान्यात टाकायची. मण्यांचं आसन सोयीत. प्लास्टिकची फुलं शोभेत. पडद्यावरून भांडण. कापड सोयीचं, झालर शोभेची, म्हणून तो दोन्हीकडे. मग देवाचा फोटो आला. एक जण म्हणाला, शोभा. तो मुलगा उठून म्हणाला, “नाही. पप्पा गाडी चालू करायच्या आधी त्याला हात लावतात.” मग काय, सोय? तेही कुणाला पटेना. शेवटी मुलांनीच तिसरा रकाना करायला लावला आणि नाव दिलं, ‘मनासाठी’. फोटो तिकडे गेला. मागोमाग फुलं पण शोभेतून उठून तिकडे गेली, कारण ती त्याच्या आईनं दिलेली होती.

गाडीची अंतर्गत रचना हा शिकण्याचा मोठा विषय आहे, त्यावर कंपन्यांत माणसं वर्षानुवर्षं काम करतात. पण चौथीच्या मुलांना त्यातली गोम तीन रकान्यांत सापडली. आत कोण बसणार, किती वेळ बसणार आणि त्याला काय लागणार, हे आधी बघायचं.

भाऊच्या धक्क्यावरून

मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी मी मुंबईला जाताना मोऱ्याहून लाँच पकडायचे आणि भाऊच्या धक्क्याला उतरून टॅक्सी करायचे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आत पाहण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलं नाही. मळकं रेक्झिन, एवढंच. 2015 मध्ये संकेत अवलानी या तरुणानं मुंबईत ‘टॅक्सी फॅब्रिक’ हा उपक्रम सुरू केला. तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटसाठी, छतासाठी, दारांच्या आतल्या बाजूसाठी कापडावर चित्रं करायची, आणि ते कापड खऱ्या, रस्त्यावर धावणाऱ्या टॅक्सीत बसवायचं. प्रत्येक चित्रात मुंबईची काहीतरी गोष्ट. एका टॅक्सीत तर कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतल्या हातांच्या खुणा होत्या. प्रवासी बसल्या जागी शिकायचा. चित्रकाराचं नावही गाडीत लावलेलं असायचं. चित्र पाहायला लोकांनी दालनात यायची वाट न बघता चित्रच लोकांच्या पाठीशी जाऊन बसलं!

मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सीही आता गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांपैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. मुलांनी ती पाहिलेली नाही. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच असायचा, त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी होती, हे ऐकून त्यांना फार मजा वाटली. “मग पुढे तिघं बसत असतील!” एकजण लगेच म्हणाला. रिक्षावाला लेखक तोच.

त्याच दिवसांत केबिनच्या उष्णतेवरून वर्गात प्रश्न आला, ट्रकला एसी का नसतो? मी माहिती काढून सांगितली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, की 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी असायलाच हवा. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तो मुलगा म्हणाला, “पप्पांची गाडी जुनी आहे.” त्या आधीच्या गाड्यांना हा नियम नाही, हे मला त्याला सांगावं लागलं. त्यानं मान डोलावली आणि स्वतःच्या पानावर पंख्याचं चित्र नीट मोठं काढलं.

वर्गात वापरलेले प्रश्न

एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, “हे कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?” प्रश्न रास्त आहे. मोजमाप गणितात बसलं, उष्णता आणि हवा परिसर अभ्यासात, मुलाखत आणि वर्णन मराठीत. पण खरं सांगायचं तर हे मी नंतर बसवलं. ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी आमचे प्रश्न देते. गाडी नसेल तर दुकान, होडी, पिठाची गिरणी, स्वयंपाकघर, काहीही चालेल.

1. आत शिरल्यावर अंगाला आधी काय जाणवलं?
2. डोळे मिटून कोणते आवाज आणि कोणते वास ओळखता आले?
3. इथे जास्त वेळ कोण असतं? त्याचा हात कुठे कुठे पोचतो?
4. कोणती वस्तू विकत आणली, कोणती स्वतः केली, कोणती कुणी दिली?
5. इथे काय हवं होतं पण नाही?
6. कोणता रंग? ‘निळा’ म्हणायचं नाही, कशासारखा निळा ते सांगायचं.

सहावा प्रश्न मुलांना सगळ्यात अवघड गेला. त्याचा उपयोग मात्र मला पुढे वेगळ्याच प्रकारे कळला.

हस्तलिखित 26 जानेवारीला पालकांसमोर ठेवलं. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाची आई दाखला मागायला आली. वडिलांच्या गाड्या गुजरातकडच्या बंदरावर लागल्या होत्या, घर हलणार होतं. वर्ष संपेपर्यंत थांबा म्हणून मी समजावलं, पण भाड्याच्या खोलीचा आणि दोन चुलींचा प्रश्न होता. या वेळी ‘चुली’ हा शब्द अगदी बरोबर बसत होता.

जाताना त्यानं एकच मागितलं, त्याचं पान. वडिलांना केबिनमध्ये लावायचं होतं. मी हस्तलिखिताची शिलाई उसवून मूळ पान त्याला दिलं आणि त्याच्या जागी झेरॉक्स लावली. झेरॉक्स काळी-पांढरी. बाकी सगळं हस्तलिखित रंगीत आणि मधेच एक राखाडी पान. मुलांना ते बघवेना. त्यांनी रंगपेट्या काढल्या. आता पडदा कोणत्या रंगाचा होता? कुणी म्हणालं लाल, कुणी हिरवा. घोडा पाहून तीन महिने झाले होते, आठवत कुणालाच नव्हतं, मलाही नाही.

मग शिवणकाम करणाऱ्यांची ती मुलगी म्हणाली, “त्यानं लिहिलंय की.” तिनं झेरॉक्सवरचं त्याचं वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘पडदा हिरवा आहे, पण कच्च्या कैरीसारखा नाही. लोणच्यात मुरलेल्या कैरीसारखा आहे.’

मुलांनी हिरव्यात थोडा पिवळा आणि थोडा तपकिरी घातला आणि पडदा रंगवला.